परदेशात वेगळ्या वाहनातून फिरायचंय? माझी निवड

परदेशात फिरताना बस-टॅक्सी सोडून कशातून प्रवास करावा, आणि ते नुसतं पर्यटकांसाठी मांडलेलं नसावं, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकचा. असं काही निवडताना मी दोनच गोष्टी बघतो: ते वाहन तिथल्या जमिनीने भाग पाडलं म्हणून जन्माला आलं का, आणि गावातली माणसं आजही रोजच्या कामाला त्यात बसतात का.

यात माझा पहिला नंबर जर्मनीतल्या वुपरटालच्या लटकत्या रेल्वेचा. हे शहर वुपर नदीच्या चिंचोळ्या खोऱ्यात लांबच लांब पसरलंय. रूळ टाकायला खाली जागाच नव्हती, म्हणून त्यांनी नदीच्या दोन्ही काठांवर लोखंडी पाय रोवले, वर रूळ टाकला आणि डबे त्याला खाली टांगले. १९०१ पासून ही गाडी चालू आहे. साधारण १३ किलोमीटरचा मार्ग, त्यातला बराचसा थेट पाण्यावरून. वळणावर डबा बाहेरच्या बाजूला झुलतो. नवखा माणूस पटकन दांडा धरतो, शेजारी दप्तर मांडीवर घेऊन बसलेली पोरं मोबाइलमधून मानही वर करत नाहीत. मला त्या पोरांकडे बघायलाच जास्त आवडलं. १९५० साली जाहिरातीसाठी एका सर्कशीने टुफी नावाचं हत्तीचं पिल्लू या गाडीत चढवलं होतं. ते बिथरलं आणि डब्यातून थेट नदीत पडलं, पण किरकोळ खरचटण्यावर निभावलं. ड्युसेलडॉर्फ किंवा कोलोनला कुणाकडे जाणार असाल तर एक दिवस इकडे काढाच, तिकीट साध्या सिटी बससारखंच मिळतं.

बोलिव्हियातल्या ला पाझचा रोपवेही याच जातीचा. शहर खोल दरीत, आणि वरच्या पठारावर समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून उंचावर एल आल्तो हे दुसरं शहर. मधले रस्ते नागमोडी आणि कायम तुंबलेले. २०१४ पासून तिथे रोपवेच्या लाइनी सुरू झाल्या आणि लोक त्यातूनच कामावर जायला लागले. तिथे डोंगर बघायचा म्हणून कुणी पाळण्यात चढत नाही, कामावर वेळेत पोचायचं असतं म्हणून चढतात.

स्कॉटलंडच्या ‘बारा’ (Barra) नावाच्या बेटावर विमान समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरतं. भरतीला धावपट्टी पाण्याखाली जाते, त्यामुळे वेळापत्रकच भरती-ओहोटी बघून लावतात.

पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरची वेताची घसरगाडी तुम्हाला अशा प्रत्येक यादीत दिसेल. मोंते गावातून खाली फुंशाल शहराच्या दिशेने, पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं मागून ती ढकलतात आणि जाड रबरी तळाच्या बुटांनी ब्रेक लावतात. एकेकाळी वरची माणसं खरंच अशी खाली यायची. आज मात्र तीत फक्त पाहुणे बसतात. मजा येते, जरूर बसा, पण तुम्ही मागताय ते हे नाही. कंबोडियातल्या बटामबांगच्या बांबूच्या रेल्वेचंही तसंच झालंय. युद्धाने मोडकळीला आलेल्या रुळांवर लोकांनी बांबूचा पाट, दोन आस आणि एक छोटं इंजिन जोडून स्वतःची सोय केली होती. समोरून दुसरी गाडी आली की कमी ओझं असलेली गाडी सुटी करून रुळावरून उचलून ठेवायची! ते जुगाड मला फार मोठं वाटतं, पण आता ते पर्यटकांपुरतंच उरलंय.

आता घरचं. परदेशाचं तिकीट काढण्याआधी वणीच्या सप्तशृंगी गडावरच्या ट्रॉलीत बसा. मंदिरापर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आईचे गुडघे गेल्यापासून तिने गड सोडलाच होता, खालूनच हात जोडायची. २०१८ मध्ये ट्रॉली सुरू झाली आणि ती पुन्हा वर आली. ही ट्रॉली फनिक्युलर जातीची, म्हणजे उतारावरच्या रुळांवर एका दोराच्या दोन टोकांना दोन डबे: एक उतरतो तेव्हा त्याच्या वजनाने दुसरा वर ओढायला मदत होते, मोटरला फक्त फरकाचं ओझं उरतं. हाँगकाँगची पीक ट्राम हीसुद्धा फनिक्युलरच, १८८८ पासूनची. आईला यातलं काही ऐकायचं नव्हतं. तिने एका हाताने माझा दंड धरला, दुसऱ्या हातात ओटीचं ताट, आणि नजर खाली सरकणाऱ्या पायऱ्यांवर. वर पोचल्यावर एवढंच म्हणाली, "आता तुझ्या मावशीला आण."

आमच्या नाशकात पूर्वी नाशिकरोड स्टेशनपासून गावात यायला घोड्यांची ट्रामही होती. आज ती असती तर मी तुम्हाला आधी तिच्यातच बसवलं असतं.

गडावर जाताना नवरात्र आणि चैत्राची यात्रा टाळा, तेव्हा ट्रॉलीच्या रांगेतच दिवस जातो. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी सकाळी लवकर निघालात तर नांदुरीचा घाटही मोकळा मिळेल.