लम्पी आणि घटसर्प : एकच इंजेक्शन एका रोगात चालते, दुसऱ्यात का नाही?

आपण विचारले आहे की, बैलाला घटसर्प झाला तेव्हा अँटिबायोटिकच्या इंजेक्शनांनी तो उठून उभा राहिला, पण पुढे गाईला लम्पी झाल्यावर डॉक्टरांनी ‘या विषाणूवर औषध नाही’ असे सांगितले आणि तरीही अँटिबायोटिकच टोचले. तर जिवाणू आणि विषाणू यांत नेमका फरक काय, आणि त्या गाईचे दूध घरात वापरावे का. मी परभणीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, पशुवैद्यक नाही, त्यामुळे औषधाच्या मात्रेविषयी काही सांगणार नाही. आपल्या डॉक्टरांच्या सांगण्यात आणि करण्यात विसंगती नव्हती, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.

पाठ्यपुस्तके बहुधा आकारापासून सुरुवात करतात, आणि माझ्या मते तिथेच विद्यार्थ्यांचा गोंधळ सुरू होतो. घटसर्पाचा जिवाणू, पाश्चुरेला मल्टोसिडा, साधारण १ मायक्रोमीटर लांब, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो. लाळ्या-खुरकुताचा विषाणू अवघा ३० नॅनोमीटरचा, म्हणजे त्याहून तीसेक पट लहान. इथवर ठीक आहे. परंतु लम्पीचा विषाणू देवीच्या विषाणूंच्या कुळातला असून तो ३०० नॅनोमीटरच्या आसपास भरतो, आणि मायकोप्लाझ्मा नावाचे काही जिवाणूही जवळपास तेवढेच लहान असतात. तेव्हा केवळ मापावरून या दोघांत रेघ ओढता येत नाही.

खरा फरक असा की जिवाणू ही एक पूर्ण पेशी आहे. तिच्यात केंद्रक नसले तरी स्वतःचा डीएनए असतो, अन्नापासून ऊर्जा मिळवण्याची सोय असते, आणि मुख्य म्हणजे प्रथिने तयार करणारे रायबोसोम असतात. त्यामुळे योग्य अन्न, ओलावा आणि ऊब मिळाली की बहुतेक जिवाणू कोणाच्याही मदतीवाचून वाढतात आणि एकाचे दोन, दोनाचे चार होतात, आतड्यातल्या ई. कोलायला प्रयोगशाळेतल्या अनुकूल स्थितीत दुप्पट होण्यास जेमतेम २० मिनिटे लागतात. विषाणूजवळ रायबोसोम नसतात. प्रथिनांच्या कवचात गुंडाळलेला डीएनए किंवा आरएनए, आणि काही विषाणूंत त्यावर मेदाचे एक आवरण, एवढाच त्याचा संसार. दुसऱ्याच्या शेतात शिरून त्याचीच बैलजोडी आणि त्याचेच औत वापरून आपले पीक काढणाऱ्यासारखा तो जनावराच्या पेशीत शिरतो, तिच्याच रायबोसोमकडून स्वतःची प्रथिने करवून घेतो, आणि तयार झालेले नवे विषाणू शेजारच्या पेशींकडे वळतात. लम्पीचा विषाणू त्यातल्या त्यात सधन म्हणावा लागेल, कारण आपल्या डीएनएची नक्कल करणारी काही विकरे (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) तो स्वतःच्या जनुकांवरून बनवून घेतो. पण प्रथिनांसाठी त्यालाही गाईच्या पेशीवाचून गत्यंतर नाही. प्रयोगशाळेत घटसर्पाचा जिवाणू रक्त घातलेल्या अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या पोषक थराच्या, थाळीवर वाढवता येतो, तर लम्पीच्या विषाणूसाठी जिवंत पेशीच लागतात, त्या याच कारणाने.

आता औषधाकडे येऊ. अँटिबायोटिक गुण देते ते जिवाणूत असलेल्या, पण आपल्या किंवा जनावराच्या पेशीत नसलेल्या अथवा वेगळ्या घडणीच्या भागांवर नेम धरून. पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका नीट बांधू देत नाही, त्यामुळे वाढता जिवाणू फुटतो. ऑक्सिटेट्रासायक्लीन त्याच्या रायबोसोमचे काम थांबवते. (मायकोप्लाझ्माला भित्तिकाच नसते, म्हणून त्याच्यापुढे पेनिसिलिन निष्प्रभ ठरते.) विषाणूला भित्तिकाही नाही आणि रायबोसोमही नाहीत, मग औषधाने नेम धरायचा कशावर? माणसांतील एचआयव्ही, नागीण अशा काही विषाणूंसाठी त्यांच्याच एखाद्या विकरावर नेमकी काम करणारी औषधे निघाली आहेत, परंतु त्यांतले बहुतेक ठरावीक विषाणूंपुरतेच चालते.

तरीही डॉक्टरांनी लम्पीत अँटिबायोटिक दिले, कारण या रोगात कातडीवर उठणाऱ्या गाठी फुटून जखमा होतात, त्यांत जिवाणू शिरतात, आणि अशक्त जनावराला जिवाणूंमुळे फुप्फुसाचा दाहही होऊ शकतो. ते इंजेक्शन मागाहून येणाऱ्या या जिवाणूंसाठी असते. विषाणूशी लढण्याचे काम गाईची प्रतिकारशक्तीच करते. म्हणूनच गाठी दिसताच आपल्या मनाने दुकानातून आणून अँटिबायोटिक टोचण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला घातक वाटते, कारण तिने लम्पी हटत नाही, पण औषधाला दाद न देणारे जिवाणू मात्र गोठ्यात टिकून राहतात. याउलट घटसर्पात उशीर परवडत नाही, कारण तो काही तासांत जनावर घेऊन जाऊ शकतो.

लस मात्र दोन्हीकडे उपयोगी पडते, कारण ती जंतूवर थेट काही न करता प्रतिकारशक्तीला त्याची ओळख आधीच करून देते. घटसर्पाची लस पावसाळ्याच्या तोंडावर देतात. लम्पीसाठी २०२२ च्या साथीत आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली, कारण हे दोन विषाणू इतके जवळचे आहेत की एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही अडवते. लम्पी माश्या, डास आणि गोचिडांमार्फत पसरत असल्याने गोठ्यात त्यांचा बंदोबस्त हवाच.

राहिला दुधाचा प्रश्न. लम्पीचा विषाणू माणसाला होत नाही आणि उकळल्याने तो नष्टही होतो, म्हणून त्याच्या भीतीने दूध टाकण्याचे कारण नाही. अँटिबायोटिक मात्र दुधात उतरते आणि उकळूनही ते पूर्णपणे जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून शेवटच्या इंजेक्शननंतर किती दिवस दूध वापरू नये हे बाटलीवर पाहून किंवा डॉक्टरांना विचारून तेवढे दिवस ते दूध घरातही घेऊ नये आणि डेअरीलाही घालू नये.