शेतातले आणि घरच्या कार्यक्रमातले फोटो काढायला १०८ मेगापिक्सेलचा फोन घ्यावा की ओआयएसवाला (हात हलला तरी कॅमेरा सावरून धरणारी सोय असलेला) ५० चा?

ओआयएसवाला ५० चाच घ्या. १०८ चे बहुतेक कॅमेरे नेहमीच्या मोडमध्ये ९ पिक्सेल जोडून १ करतात, म्हणजे फोटो १२ मेगापिक्सेलचाच निघतो. ५० चा ४ जोडून जवळपास तेवढाच देतो. खरा फरक दिवेलागणीनंतर कळतो. लग्नाच्या मांडवात मी दोन्ही वापरून पाहिले: ओआयएसमुळे हात हलला तरी फोटो स्पष्ट आला, दुसऱ्यात पुसट. पऱ्हाटीच्या बोंडावरची अळी कृषी सहायकाला दाखवायची असेल, तर मात्र भर उन्हात १०८ चा पूर्ण मोड बारकावे जास्त पकडतो. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते बारकावे जातात. रंग भडक आवडतात की डोळ्याला दिसतात तसे, ते दुकानात घरच्याच माणसाचा फोटो काढून ठरवा.