वाचकांचे प्रश्न : मेंदूची शस्त्रक्रिया सिम्युलेटरवर शिकता येते का?

प्रश्न : न्यूरोसर्जरीचे निवासी डॉक्टर आता सिम्युलेटरवर, म्हणजे शस्त्रक्रियेचा आभास निर्माण करणाऱ्या यंत्रावर, सराव करतात, असे वाचले. अशा सरावाने ते प्रत्यक्ष शस्त्रक्रियेसाठी तयार होतात का?

उत्तर : हात तयार होतो, निर्णयशक्ती मात्र तेवढ्याने तयार होत नाही.

मेंदूतील पोकळीत नळी घालून साचलेले पाणी बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया निवासी डॉक्टरांना लवकर करावी लागते. नाकाच्या मुळापासून सुमारे ११ सेंटीमीटर मागे व मध्यरेषेपासून सुमारे ३ सेंटीमीटर बाजूला कवटीला छिद्र पाडून, आतले काही दिसत नसताना, केवळ बाह्य खुणांवरून नळीची दिशा ठरवायची असते. येथे सिम्युलेटरचा उपयोग निर्विवाद आहे, कारण चुकलेली दिशा पडद्यावर लगेच दिसते आणि तोच प्रयत्न कोणालाही इजा न होता पुन्हा करता येतो.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने विकसित केलेल्या ‘न्यूरोटच’सारख्या यंत्रांत उपकरणाला होणारा ऊतींचा विरोधही हाताला जाणवतो, मेंदूतील गाठ किती काढली, निरोगी भागाला किती धक्का लागला, जोर किती पडला, याची नोंद होते. ही यंत्रे महाग असतात. माझ्या मते, सूक्ष्मदर्शकाखाली सिलिकॉनच्या नळीला किंवा कोंबडीच्या पंखातील रक्तवाहिनीला ०.०३ मिलिमीटरहूनही बारीक धाग्याने टाके घालण्याचा नियमित सराव पुष्कळदा अधिक फलदायी ठरतो. ही पद्धत काही नवी नाही : न्यूरोसर्जन गाझी याशारगिल यांनी अमेरिकेतील बर्लिंग्टन येथील प्रयोगशाळेत प्राण्यांच्या बारीक रक्तवाहिन्या जोडण्याचा सराव केला आणि त्यानंतर १९६७ मध्ये झुरिचमध्ये मेंदूच्या रक्तवाहिनीची बायपास शस्त्रक्रिया केली.

मर्यादाही स्पष्ट आहेत. एकाएकी सुरू झालेला रक्तस्राव, डोळ्यांदेखत सुजत जाणारा मेंदू, भूलतज्ज्ञाशी क्षणात करावी लागणारी चर्चा आणि विशेषतः गाठीचा उरलेला भाग तसाच सोडून थांबण्याचा निर्णय, यांचे हुबेहूब अनुकरण करणे कठीण असते. सरावाने सिम्युलेटरवरील कामगिरी सुधारते, याचे पुरावे बरेच आहेत. मात्र अशा सरावामुळे प्रत्यक्ष रुग्णांवरील शस्त्रक्रियेचे परिणाम किती सुधारतात, याचे पुरावे त्या मानाने तोकडे आहेत. शिवाय, शेजारी बसून चूक दाखवणारा ज्येष्ठ शल्यविशारद नसेल, तर चुकीची सवयही तितकीच पक्की होते.

म्हणून सिम्युलेटरवर उत्तम गुण मिळवलेल्या निवासी डॉक्टरालाही सुरुवातीला शस्त्रक्रियेचे लहान टप्पेच, तेही ज्येष्ठांच्या देखरेखीखाली, सोपवले जातात.