चार्जिंगला लावलेला फोन प्रवासात उतरत असेल, तर बॅटरी बदलण्याआधी काय तपासावे

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे. फोन तीन वर्षे जुना असून त्याची बॅटरी ५००० एमएएचची आहे. पुण्याहून नाशिकला जाताना तो गाडीच्या म्युझिक सिस्टीमवरील यूएसबी पोर्टला जोडलेला होता आणि नकाशा सतत चालू होता. निघताना ६० टक्के असलेली बॅटरी पाच तासांनी ३५ टक्क्यांवर आली, आणि या सगळ्या वेळात पडद्यावर चार्जिंगची खूण मात्र दिसत होती. घरी रात्रभर लावला की फोन पूर्ण भरतो. दुकानदाराने बॅटरी खराब झाली आहे, बदलून घ्या, असे सांगितले आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की आत्ता तरी बॅटरी बदलू नका, कारण तुमच्याच आकड्यांवरून दोष दुसरीकडे असावा असे दिसते.

५००० एमएएचच्या बॅटरीत सरासरी ३.८५ व्होल्टने हिशेब केला, तर सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा साठते. तुमच्या प्रवासात त्यातले २५ टक्के, म्हणजे ४.८ वॅट-तास खर्च झाले, आणि तेही पाच तासांत. याचा अर्थ फोनला जेवढी वीज मिळत होती आणि जेवढी तो वापरत होता, त्यांतली तूट जेमतेम एका वॅटची होती. तीन वर्षांत बॅटरीची क्षमता काहीशी घटली असणार हे धरले, तर ही तूट आणखी लहान निघते. एवढी तूट भरून काढण्यासाठी नवी बॅटरी उपयोगाची नाही, कारण बॅटरी बदलल्याने येणारी वीजही वाढत नाही आणि होणारा खर्चही कमी होत नाही. नवी बॅटरी टाकूनही तुम्ही त्याच पोर्टला फोन जोडलात, तर टक्के थोडे सावकाश उतरतील, पण उतरतीलच.

चार्जिंगची खूण दिसत असताना टक्के कसे कमी होतात, हे समजून घेतले तर पुढचा तपास सोपा होतो. ती खूण फक्त एवढेच सांगते की फोनला बाहेरून वीज मिळत आहे. बॅटरी भरत आहे, असा तिचा अर्थ होत नाही. आजच्या फोनमध्ये बाहेरून येणारी वीज आधी फोनच्या चालू कामाकडे जाते, म्हणजे पडदा, प्रोसेसर, नेटवर्क आणि जीपीएस यांच्याकडे. त्यातून उरेल ती बॅटरीत जाते. काही उरलेच नाही आणि उलट कमी पडले, तर ती उणीव बॅटरी भरून काढते. म्हणून तपासाच्या दोन बाजू आहेत: आवक कमी का आहे आणि खर्च जास्त का आहे. बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना थोडे थोडे कारण सापडते.

आवकेपासून सुरुवात करू, कारण तुमच्या बाबतीत मुख्य संशय तिथेच आहे. गाडीच्या म्युझिक सिस्टीमवरचा पोर्ट हा मुळात पेन ड्राइव्ह वाचण्यासाठी आणि फोनशी माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी दिलेला असतो. यूएसबी २.० च्या नियमानुसार अशा साध्या पोर्टकडून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अवघे २.५ वॅट मिळतात. फोन आणि पोर्ट जोडणी होताना एकमेकांची ओळख पटवतात, आणि समोर साधा माहितीचा पोर्ट आहे असे फोनला कळले की तो त्या मर्यादेच्या वर वीज ओढत नाही. फोनच्या आत व्होल्टेज बदलताना होणारी घट वजा केली, तर हातात दोन-सव्वादोन वॅटच उरतात. उजेडात पूर्ण प्रकाशावर चालणारा पडदा, जीपीएस आणि मोबाईल डेटा मिळून तीन वॅटच्या पुढे सहज जातात. वर काढलेली एका वॅटची तूट इथे जवळपास तंतोतंत जुळते, आणि म्हणूनच मला बॅटरीवर दोष ठेवावासा वाटत नाही. अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनचा नकाशा आणि गाणी गाडीच्या पडद्यावर आणण्याची सोय, त्याच पोर्टवरून वापरत असाल तरी हेच घडू शकते. नव्या काही गाड्यांत जास्त क्षमतेचे टाइप-सी पोर्ट असतात, पण ते गाडीच्या पुस्तिकेत पाहून खात्री करावी.

यावर उपाय म्हणजे १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये, म्हणजे ज्याला आपण अजूनही लायटरचे सॉकेट म्हणतो त्यात, बसणारा चांगला चार्जर. त्यावर १५ किंवा १८ वॅट तरी लिहिलेले असावे, आणि दोन पोर्ट असतील तर लिहिलेला आकडा दोन्हींचा मिळून आहे की प्रत्येकाचा, हे वाचून घ्यावे. दोघांचे फोन एकाच वेळी लावले की वाट्याला निम्मी वीज येते, असे चार्जर बाजारात पुष्कळ आहेत.

यानंतर केबल पाहा. या भागाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण शे-दोनशे रुपयांच्या केबलपायी चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात. स्वस्त केबलमधील विजेच्या तारा फार बारीक असतात. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २८ गेजची तांब्याची तार मीटरला सुमारे ०.२१ ओहम रोध देते. वीज जाते आणि परत येते, म्हणून एक मीटरच्या केबलमध्ये हा रोध ०.४२ ओहमच्या घरात जातो. त्यातून दोन अँपिअर प्रवाह न्यायचा म्हटले, तर ०.८ व्होल्टहून जास्त वाटेतच गळतात आणि फोनपर्यंत ५ ऐवजी जेमतेम ४.१५ व्होल्ट पोहोचतात. असे व्होल्टेज घसरू लागले की फोनमधील चार्जिंगची चिप स्वतःच प्रवाह कमी करते, आणि चार्जर कितीही दमदार असला तरी फोन हळू भरू लागतो. हीच तार २४ गेजची असेल, तर गळती निम्म्याहूनही कमी होते. म्हणून गाडीत दोन-तीन मीटरची लांब केबल वापरू नका. एक मीटर किंवा त्याहून आखूड, जाड आणि नामांकित कंपनीची केबल घ्या. काही केबलींमध्ये माहितीच्या तारा मुळात नसतातच. अशा केबलमुळे समोर चार्जर आहे की साधा पोर्ट आहे हे फोनला ओळखता येत नाही, आणि तो सुरक्षित म्हणून ५०० मिलिअँपिअरवरच थांबू शकतो.

जलद चार्जिंगबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. फोनच्या खोक्यावर ६७ वॅट किंवा ८० वॅट असे लिहिलेले असते, पण अनेक कंपन्यांचे ते तंत्र त्यांच्याच अडॅप्टर आणि त्यांच्याच केबलबरोबर चालते. दोहोंपैकी एक जरी बदलला तरी तोच फोन साध्या ५ व्होल्टच्या चार्जिंगवर येऊ शकतो. त्यामुळे माझा फोन ६७ वॅटचा आहे, एवढ्यावरून गाडीत किती वीज मिळते हे ठरत नाही.

आता उष्णतेकडे वळतो, कारण उन्हाळ्यात दुपारच्या प्रवासात हे कारण पोर्टइतकेच महत्त्वाचे ठरते. लिथियम-आयन बॅटरी ० अंशाखाली आणि सुमारे ४५ अंशांच्या वर भरू नये, असा साधारण दंडक आहे, आणि फोन तो पाळतात. बॅटरीचे तापमान त्या मर्यादेजवळ जाऊ लागले की फोन आधी प्रवाह कमी करतो आणि नंतर चार्जिंग पूर्ण थांबवतो. एप्रिल-मे महिन्यात काचेमागे, डॅशबोर्डवर थेट उन्हात ठेवलेला फोन ही मर्यादा फार लवकर गाठतो, त्यात चार्जिंगची आणि प्रोसेसरची स्वतःची उष्णता मिसळते, शिवाय उन्हामुळे पडद्याचा प्रकाश आपोआप कमाल पातळीवर जाऊन खर्चही वाढतो. म्हणजे एकाच वेळी आवक घटते आणि खर्च चढतो. यासाठी फोन एसीच्या झडपेला अडकवण्याच्या होल्डरमध्ये ठेवा आणि जाड कव्हर काढून टाका. बिनतारी चार्जिंगचा होल्डर मात्र उन्हाळ्यात टाळा, कारण त्यात तारेपेक्षा जास्त ऊर्जा उष्णतेत वाया जाते आणि ती उष्णता थेट फोनच्या पाठीला लागते.

खर्चाच्या बाजूला नकाशाव्यतिरिक्त सर्वांत मोठा हात नेटवर्कचा असतो. मनोरा दूर असेल तर फोनला आपला संदेश पोहोचवण्यासाठी जास्त ताकदीने प्रक्षेपण करावे लागते. ४जी फोनला साधारणपणे २०० मिलिवॅटपर्यंत प्रक्षेपणाची परवानगी असते, पण तेवढे प्रक्षेपण करायला बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट वीज ओढली जाते. घाटात, किंवा दोन गावांमधल्या मोकळ्या पट्ट्यात रेंज येत-जात राहिली, की हा खर्च वाढतो. निघण्याआधी घरच्या वाय-फायवर मार्गाचा नकाशा उतरवून ठेवा, आणि ५जीची रेंज अस्थिर असलेल्या मार्गावर ४जीच निवडून ठेवा. मागच्या सीटवरील मुलांसाठी हॉटस्पॉट चालू ठेवला असेल, तर तोही खर्च याच फोनवर पडतो.

हे सगळे खरे की खोटे, हे घरीच तपासता येते आणि त्यासाठी दुकानात जावे लागत नाही. बॅटरी ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असताना फोन पूर्ण बंद करा, घरच्या अडॅप्टरला आणि नेहमीच्या केबलला लावा आणि अर्ध्या तासाने टक्के पाहा. १० वॅटचा अडॅप्टर असेल तर २० टक्क्यांच्या आसपास वाढ व्हायला हवी. पाच-सहा टक्केच वाढ झाली, तर फोनला २.५ वॅटच मिळत आहेत असे समजावे. मग फक्त केबल बदलून पुन्हा पाहा, नंतर फक्त अडॅप्टर बदलून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. बंद फोन व्यवस्थित भरत असेल आणि चालू फोन भरत नसेल, तर खर्चाची बाजू तपासावी. त्यासाठी सेटिंग्जमधील बॅटरीच्या पानावर कोणते अ‍ॅप किती वापर करते ते पाहा, आणि काही सापडले नाही तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करून तासभर चार्जिंगला ठेवा. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली अ‍ॅप चालत नाहीत, त्यामुळे दोष अ‍ॅपचा असल्यास तो लगेच वेगळा काढता येतो.

प्रवाह दाखवणारी अ‍ॅपही मिळतात. अँड्रॉइडच्या नियमाप्रमाणे बॅटरीत जाणारा प्रवाह अधिक चिन्हाने आणि बाहेर पडणारा उणे चिन्हाने दाखवला जातो, मात्र काही कंपन्यांचे फोन ही चिन्हे उलटी देतात. म्हणून आधी केबल काढून आकडा पाहा, मग लावून पाहा, आणि त्या फरकावरून निष्कर्ष काढा. गाडीत नकाशा चालू ठेवून ही चाचणी केलीत, तर पाच मिनिटांत उत्तर मिळेल. पोर्ट आणि केबल यांच्यामध्ये लावायचा यूएसबी मीटर काहीशे रुपयांत मिळतो; वारंवार प्रवास करणाऱ्याने तो जरूर घ्यावा.

फोनचा चार्जिंग जॅकही एकदा उजेडात धरून पाहा. खिशातल्या कापडाचे तंतू आणि धूळ आत दाबली जाते, केबल पूर्ण बसत नाही आणि संपर्क अर्धवट राहतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो कचरा हलक्या हाताने बाहेर काढावा. टाचणी किंवा सुई अजिबात वापरू नये. पावसाळ्यात जॅकमध्ये ओल असल्याची सूचना आली, तर फोन हवेशीर जागी सुकू द्या. तांदळात ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी. तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करू शकतात, असे अ‍ॅपलनेही आपल्या सूचनांत लिहिले आहे.

गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज कमी असते म्हणून फोन भरत नाही, असेही बरेच जण म्हणतात. अडॅप्टरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. चांगला अडॅप्टर त्या पट्ट्यात कुठेही पूर्ण वीज देतो, त्यामुळे ढिले सॉकेट किंवा हलका अडॅप्टर हे कारण जास्त संभवते. अडॅप्टर घेताना त्यावर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह आणि नोंदणी क्रमांक आहे ना, हे पाहावे. घरी फोन ८० टक्क्यांवर थांबत असेल किंवा १०० वरून ९५ पर्यंत उतरून पुन्हा भरत असेल, तर बॅटरीच्या संरक्षणाची सोय चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये पाहा. तो बिघाड नाही.

बॅटरीच दोषी असण्याची लक्षणे वेगळी असतात. टक्के ४० वरून एकदम २५ वर उडी घेतात, २०-३० टक्के शिल्लक असताना फोन अचानक बंद पडतो, किंवा चार्जिंगवरून काढल्यावर काही मिनिटांतच मोठी घसरण होते. यांपैकी काही तुमच्याकडे घडत असेल, तर बॅटरी बदलणे योग्य ठरेल. फोनची पाठ फुगलेली किंवा पडदा कडेने उचललेला दिसला, तर मात्र कोणतीही चाचणी न करता चार्जिंग ताबडतोब थांबवा, फोन दाबू नका आणि तो दुरुस्तीला द्या.

चांगली केबल, चांगला अडॅप्टर आणि साफ केलेला जॅक असूनही बंद फोन भरत नसेल, तेव्हा दुकानदाराला आधी चार्जिंगचा छोटा बोर्ड तपासायला सांगा. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये जॅक मुख्य बोर्डवर नसून खालच्या बाजूला वेगळ्या बोर्डवर बसवलेला असतो, आणि तो बोर्ड किंवा त्याला जोडणारी पट्टी खराब झाल्यासही चार्जिंग मंदावते. मुख्य बोर्डच्या तुलनेत ही दुरुस्ती बरीच स्वस्त पडते. गाडीतील चार्जर आणि केबल बदलून एकदा प्रवास करा, आणि तरीही टक्के उतरले तर अडॅप्टरवर छापलेले आकडे, केबलची लांबी आणि बंद फोनच्या चाचणीत अर्ध्या तासात वाढलेले टक्के इथे लिहा, म्हणजे पुढचे नेमके सांगता येईल.