खुर्चीने काय बिघडवलं होतं?

प्रिय बाबू,

अनेक आशीर्वाद.

पोळा होऊन तीन दिवस झाले, पण तोरणाखाली तू म्हटलेली झडती, तो चिमटे काढणारा दोहा, अजून माझ्या कानात आहे.

मुरूम आला कागदावर, बंडी फसली गाऱ्यात,
पांदण आमची पुरी झाली पंचायतच्या बोर्डात,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

यमक ओढूनताणून आहे, पण झडतीला तेवढं चालतं. पोट्टे हसले, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी मात्र सरपंचबाईंकडे बघत होते. त्याही हसल्या. थोडं लाजल्यासारखं, पण हसल्या.

त्याच बाईंच्या रिकाम्या खुर्चीला पोळ्याच्या आठ दिवस आधी, १५ ऑगस्टची ग्रामसभा उठल्यावर, तू चपलांचा हार घातला होतास. वर व्हिडिओ काढून फिरवला. रस्ता तोच, बाई त्याच, राग तोच. पोळ्यात गाव हसलं आणि ग्रामपंचायतीत गप्प झालं. काल तू विचारलंस, "काकू, दोन्ही टीकाच होती ना? मग खुर्चीच्या वेळी तुम्ही माझ्याशी बोलल्या काहून नाही?" तेव्हा मला राग आला होता, म्हणून बोलले नाही. रागात बोललं की माझं अर्धं वाया जातं. म्हणून लिहिते.

आधी हे सांगते की तुझा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. शेताकडे जाणाऱ्या आपल्या पांदणीवर पहिल्या नाल्यापर्यंत मुरूम पडला आणि पुढे नुसती काळी माती आहे. मागच्या हंगामात आम्ही सोयाबीनचे कट्टे डोक्यावर वाहून आणले ते त्याच पांदणीने. फलकावर मात्र काम पूर्ण लांबीचं. यावर चिडला नसतास तर मी तुला पत्रच लिहिलं नसतं.

पण हार घातल्यावर काय झालं ते आठव. गाव तीन दिवस चपलांवर बोललं. कोणाच्या होत्या, किती होत्या, त्यात एक लेडीज सँडल कुठून आली. रस्ता राहिला बाजूला. ज्याने मुरूम अर्ध्यात थांबवला तो पानठेल्यावर खर्रा चघळत तुझा व्हिडिओ बघत होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने तो पुढे पाठवला. त्याला तर बरंच झालं.

आता माझी गोष्ट ऐक. तू तेव्हा जन्मला होतास की नाही कोण जाणे.

२००२ साली मी सरपंच झाले. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, तिच्यामुळे बायकांसाठी एक तृतीयांश जागा आल्या होत्या (निम्म्या झाल्या त्या आपल्या राज्यात २०११ नंतर). तेव्हा सरपंच सदस्यांतून निवडत. सातांपैकी चौघांनी माझ्यासाठी हात वर केला. त्यातले दोन हात माझ्या घरच्यांच्या शब्दाखातर वर गेले होते, हे मला माहीत होतं. पहिल्या ग्रामसभेला मी पोचले तर माझ्या खुर्चीवर तुझे काका बसलेले. कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही, हे कबूल करते. मी बायकांमध्ये सतरंजीवर जाऊन बसले.

तेव्हा एक म्हातारे उठले. विरुद्ध पॅनलचे. निवडणुकीत घरोघर फिरून त्यांनी माझ्याविरुद्ध मतं मागितली होती. ते काठी टेकत पुढे आले आणि तुझ्या काकांना म्हणाले, "ऊठ गा. थे खुर्ची तुही बी नोहे अन् तिची बी नोहे. गावाची हाय. गावानं तिले बसवलं, तिलेच बसू दे."

काका उठले. मी बसले. पाय थरथरत होते. बुडाखालची खुर्ची नीट जाणवण्याआधीच म्हातारबाबा माझ्याकडे वळले. "हं, सरपंचबाई, आता सांगा. आमच्या पुऱ्यातल्या नळाले पानी काहून नाई?" आणि पुढचा अर्धा तास त्यांनी मला सोडलं नाही. टाकी कधी धुतली, ब्लीचिंग पावडरचं बिल कुठे आहे, मोटर दुसऱ्यांदा कशी जळली. मला एकाचंही उत्तर नीट देता आलं नाही. पण सगळा वेळ ते मला "सरपंचबाई" म्हणत होते. एकदाही माझ्या नवऱ्याकडे बघून बोलले नाहीत. त्या रात्री मी रडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीवर गेले.

पुढच्या निवडणुकीत त्यांच्याच पॅनलने मला पाडलं. तरी मला खुर्चीवर कोणी बसवलं असं कोणी विचारलं, की मला ते चार हात आठवत नाहीत, ही काठी आठवते.

तुझ्या हारात मला खुपलं ते हे. चुकली असेल तर बाई चुकली. तू शिक्षा दिलीस खुर्चीला. उद्या तिच्यावर दुसरं कोणी बसेल. तुझ्या तोंडाचा पट्टा बघता कदाचित तूच बसशील.

आणि व्हिडिओतलं ते एक वाक्य, "घरी भाकरी थापायचं सोडून", ते तर टीकेत बसतच नाही. अर्धवट मुरुमाचा भाकरीशी काय संबंध? पुरुष सरपंच असता तर तू त्याला काय थापायला पाठवलं असतंस? त्या वाक्याने तुझ्या बाजूच्या सगळ्या बायका एका क्षणात तिच्या बाजूला गेल्या. त्यात मीही आहे.

तू म्हणशील, जांबुवंतराव धोट्यांनी तर विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला होता, आणि आपण त्यांना विदर्भाचा वाघ म्हणतो. खरं आहे. माझ्या वडिलांच्या तोंडी ते नाव देवासारखं होतं. पण पुढचंही बघ. सभागृहाने त्यांची आमदारकी काढली. ते पोटनिवडणुकीला उभे राहिले, लोकांकडे गेले आणि निवडून येऊन परत त्याच सभागृहात बसले. किंमत मोजली, आणि परत जायला दार निवडलं तेही मतांचंच. पेपरवेट मला तरी पटत नाही. तुझा हार त्याहून कमी पटतो, कारण समोर कोणी नसताना तो घातलास.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तू म्हणशील काकू म्हातारी झाली, नुसतं नमस्कार करायला शिकवते. परवा तालुक्याला नेत्याचं स्वागत होतं. जेसीबीच्या बकेटमधून फुलं उधळली, क्रेनला लोंबणारा हार घातला. पोरं पायावर लोळत होती. तुला तो मान वाटतो? मला तो तुझ्या चपलांच्या हाराचाच भाऊ वाटतो. दोघांनाही खुर्ची त्या माणसाच्या बापाची वाटते, म्हणून एक तिला पुजतो आणि एक तिच्यावर थुंकतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत हेच बजावलं होतं. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आम्ही दरवर्षी दीक्षाभूमीला जातो, त्यांच्या फोटोला हार घालतो, आणि घरी येऊन आपल्या आपल्या साहेबांचे बॅनर लावतो.

पोळ्यात मानाची जोडी पाटलांची. तोरणाखालून पहिली तीच जाते, आणि तिथेच पाटलांवर झडत्याही होतात. जन्माने मिळणारा तो मान मला फारसा पटत नाही, खरं सांगते. पण मान देणं आणि उणं काढणं एकाच तोरणाखाली चालतं, हे आपल्या गावाला कोणी शिकवावं लागलेलं नाही. तुला झडती जमते. मग सभेत का नाही जमत?

२००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात येऊन गेले. सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात अनुदानावर दुभत्या गायी होत्या. कोरडवाहू कास्तकाराकडे, जिथे स्वतःच्या बैलांना कडबा पुरत नाही. एका बैठकीत आम्हा सरपंचांना मत विचारलं. मी उठले, हात जोडले, "माननीय" म्हटलं आणि विचारलं, "साहेब, गाय दिली, चारा कोणत्या पॅकेजात आहे?" खोलीत हसू फुटलं. साहेबांना राग आला असेल, पण मला खाली बस म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं. माझा प्रश्न त्यांना वहीत लिहून घ्यावा लागला. चारा आला नाही, ते सोड. कितीतरी गायी विकल्या गेल्या. पण तो प्रश्न माझ्या नावाने कागदावर आहे. शिवी दिली असती तर शिवीच उरली असती, तीही माझ्याच नावाने.

कायद्याचं थोडक्यात सांगते. सरकारवर कडक शब्दांत टीका करणं गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सांगून ठेवलंय की हिंसेला चिथावणी नसेल तर तो राजद्रोह होत नाही. सरकारी माणसावर हात उचललास किंवा बळजबरी केलीस तर मात्र दंड संहितेचं जुनं कलम ३५३ लागतं. १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते १३२ झालंय, तरी गावात अजून ३५३च म्हणतात. तारखांना जाऊन जाऊन चांगली चांगली पोरं झिजलेली मी बघितली आहेत. सरपंचबाईंनी तक्रार दिली नाही. त्यांना ती द्यायला सांगणारे कमी नव्हते.

आता कामाचं. मुरूम किती पडला हे तू ओरडून सिद्ध होणार नाही. ते मोजमाप पुस्तिकेत असतं, सगळे तिला एमबी म्हणतात. अभियंत्याने तिथे लांबी, रुंदी, जाडी लिहून सही केलेली असते. माहिती अधिकारात अर्ज कर. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं. एका अर्जात एकच विषय घ्यायचा आणि दीडशे शब्दांत बसवायचा (तुझ्या व्हिडिओत नुसती विशेषणंच तेवढी असतील). अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबी आणि बिलाची प्रत, एवढंच माग. अर्ज ग्रामसेवकाकडे द्यायचा. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, म्हणून अर्जावर तेच लिही, उगाच परत नको यायला. पोच घे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पंचायत समितीत पहिलं अपील.

येत्या सोमवारी अर्ज दिलास तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी कागद हाती यायला हवा. त्या सभेत उठून उभा राहा, "सरपंच महोदया" म्हण आणि एमबीतले आकडे वाच. नुसते आकडे. मग टेप घेऊन सगळ्यांनी पांदणीवर चला म्हण. प्रश्न प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहिल्याशिवाय खाली बसू नकोस. बाई उत्तर टाळतील, कोणी मागून शिट्ट्या मारतील, कोणी माईक बंद करेल. माईक बंद झाला तर मोठ्याने वाच, आवाज आहे तुला.

माझा अंदाज विचारशील तर बाईंना त्या एमबीतलं काहीच माहीत नसणार. सह्या त्यांच्या आणि कारभार दुसऱ्याचा, हे मी आतून बघितलंय. त्यामुळे त्या सुटत नाहीत, सहीची जबाबदारी सहीवाल्याचीच. पण तू त्यांच्याकडे बघून विचार, मागे उभ्या असलेल्या त्यांच्या दिराकडे बघून नको.

सोमवारी दहाला मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर येते. स्टॅम्प तू आण, कागद माझ्याकडे आहे. हार काढला तेव्हा ती खुर्ची मीच पुसली होती. मागचा एक पाय डुगडुगतो, एक खिळा आणि हातोडीही घेऊन ये.

तुझी
काकू