ब्लॅकबेरी तर बुडाली, मग मुलाने तिथे नोकरी धरावी का?

स. न. वि. वि.

तुमचं सविस्तर पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी त्यातला मुद्दा थोडक्यात सांगतो. पत्र लिहिणारे गृहस्थ सांगलीचे, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. मुलगा कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात मास्टर्स संपवतोय, विषय एम्बेडेड सिस्टिम्स, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेले छोटे संगणक. हातात दोन ऑफर आहेत. एक टोरंटोतल्या मोठ्या बँकेच्या मोबाइल ॲप विभागाची, पगार थोडा जास्त. दुसरी ओटावाच्या कनाटा या उपनगरातली, क्यूएनएक्सची. क्यूएनएक्स ही ब्लॅकबेरीच्या मालकीची सॉफ्टवेअर कंपनी. मुलाचा जीव क्यूएनएक्समध्ये अडकलाय, वडिलांचा बँकेत. ते लिहितात, ‘ब्लॅकबेरीचा फोन आम्हाला ऑफिसातून मिळाला होता आणि ऑफिसनेच तो परत घेतला. बुडत्या जहाजात पोराला कशाला बसवायचं? शैक्षणिक कर्ज अजून फिटायचंय.’

साहेब, तुमची भीती निराधार नाही. तुम्ही आयुष्यभर ताळेबंद वाचलेत, म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करतो. फेब्रुवारी २०११अखेर संपलेल्या वर्षात या कंपनीचं उत्पन्न सुमारे २० अब्ज डॉलर होतं. तेव्हा तिचं नाव रिसर्च इन मोशन, मुक्काम वॉटर्लू. आयपॅड येऊन वर्ष झालं होतं आणि आपलाही टॅब्लेट हवा म्हणून त्यांनी एप्रिल २०११ मध्ये प्लेबुक बाजारात आणला. सात इंची, किंमत ४९९ डॉलरपासून, म्हणजे आयपॅडइतकीच. ईमेलवर मोठ्या झालेल्या कंपनीच्या या टॅब्लेटवर स्वतःचं ईमेल ॲप नव्हतं! कॅलेंडर नाही, काँटॅक्ट्स नाहीत. खिशात ब्लॅकबेरी फोन असेल तर तो जोडून मेल बघायची. नसेल तर ब्राउझर उघडायचा. ईमेल आलं फेब्रुवारी २०१२ मध्ये, तोवर गिऱ्हाईक निघून गेलं होतं.

पहिल्या तिमाहीत सुमारे पाच लाख प्लेबुक दुकानांत पोचवले, दुसऱ्या तिमाहीत दोन लाख, तिसऱ्यात दीड लाख. लक्षात घ्या, हा पाठवलेला माल आहे, विकलेला नव्हे. डिसेंबर २०११ मध्ये पडून राहिलेल्या प्लेबुकपोटी कंपनीने ४८.५ कोटी डॉलरची तरतूद केली. तरतूद म्हणजे तोटा होणार हे धरून तो हिशेबात आधीच दाखवणं, हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे जूनमध्ये २७,९९० रुपयांना आलेला प्लेबुक त्याच डिसेंबरात १३,४९० वर उतरला होता.

मग माणसांवर आलं. जुलै २०११ मध्ये २,००० जणांची कपात जाहीर झाली. जानेवारी २०१२ मध्ये माइक लाझारिडिस आणि जिम बाल्सिली या दोघा प्रमुखांनी खुर्ची सोडली, थॉर्स्टन हाइन्स आले. जून २०१२ मध्ये आणखी ५,००० जण, आणि ज्या नव्या फोनवर सगळी भिस्त होती तो पुढच्या वर्षावर ढकलला गेला. तो फोन, झेड १०, आला आणि तोही पडून राहिला. सप्टेंबर २०१३ मध्ये ४,५०० जण, म्हणजे उरलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के. ज्या इमारतींत हे लोक बसायचे त्यांतल्या काही पुढे वॉटर्लू विद्यापीठानेच विकत घेतल्या. तुमचा मुलगा त्यांच्या आसपासच शिकतोय, त्यामुळे ही कथा त्याच्या कानावर नक्की असणार.

आता जे तुमच्या पत्रात आलेलं नाही ते सांगतो. प्लेबुक ज्या सॉफ्टवेअरवर चालायचा ते क्यूएनएक्स होतं. ब्लॅकबेरीने ही कंपनी २०१० मध्ये हार्मन या ऑडिओ कंपनीकडून सुमारे २० कोटी डॉलरला घेतली, टॅब्लेट आणि पुढचे फोन तिच्यावर उभे करायचे म्हणून. मूळ कंपनी १९८० ची, वॉटर्लू विद्यापीठातल्याच दोन विद्यार्थ्यांनी काढलेली. म्हणजे ती ब्लॅकबेरीच्या आधीची आहे. टॅब्लेट गेला, फोनही गेले, २०१६ मध्ये ब्लॅकबेरीने स्वतः फोन बनवणं थांबवलं. क्यूएनएक्स मात्र गाड्यांमध्ये आधीपासून होतं आणि तिथेच वाढत गेलं. आज ते २५ कोटींहून अधिक गाड्यांमध्ये असल्याचं कंपनी सांगते. डिजिटल डॅशबोर्ड, चालकाला मदत करणारे कॅमेरे आणि सेन्सर, शिवाय रुग्णालयातली उपकरणं. त्याचं वैशिष्ट्य असं की गाभा अगदी लहान ठेवून बाकीची कामं वेगवेगळ्या कप्प्यांत टाकलेली असतात. एखाद्या उपकरणाला चालवणारा सॉफ्टवेअरचा तुकडा बंद पडला तर तेवढाच पुन्हा सुरू करता येतो, सगळी यंत्रणा बंद पडत नाही. ब्रेकशी संबंध येतो तिथे याला किंमत आहे.

म्हणून माझं मत तुमच्या मुलाच्या बाजूने आहे. कपातीनंतर माणसाला तारतं ते त्याच्या हातातलं काम, आणि ते काम दुसऱ्या दारात चालतं की नाही एवढं बघायचं. फक्त जुन्या ब्लॅकबेरी फोनच्या आतल्या खाचाखोचा ज्याला येत होत्या, त्याच्या कौशल्याला २०१३ नंतर गिऱ्हाईक उरलं नाही. रिअल-टाइम, म्हणजे ठरल्या क्षणी प्रतिसाद देणाऱ्या सिस्टिम, सी आणि सी++ या प्रोग्रामिंग भाषा, गाड्यांच्या सुरक्षिततेचं आयएसओ २६२६२ हे मानक, एवढं तुमचा मुलगा दोन-तीन वर्षांत पक्कं शिकला तर त्याला जर्मनीतली गाडी कंपनी बोलावेल, अमेरिकेतली चिप कंपनी बोलावेल, आणि परत यायचं म्हटलं तर पुण्यात हिंजवडीत केपीआयटीसारख्या कंपन्या नेमकं हेच काम करतात. बँकेच्या ॲप विभागात तो एम्बेडेडपासून तुटेल. शिवाय बँक म्हणजे कायमची नोकरी हा आपला, आपल्या पिढीचा, समज आहे. कॅनडातल्या मोठ्या बँकांनीही २०२३ मध्ये हजारोंनी माणसं कमी केली.

ब्लॅकबेरी आता सुरक्षित आहे असं मात्र मी म्हणत नाही. वीस अब्जांचं उत्पन्न आता साधारण ५३ कोटी डॉलरवर आलंय. सायलन्स नावाची सायबर सुरक्षा कंपनी २०१९ मध्ये १.४ अब्जांना घेतली आणि सहाएक वर्षांत त्या किमतीच्या एका लहानशा हिश्शाला विकून टाकली. गाड्यांतही लिनक्स आणि गूगलचं अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह क्यूएनएक्सशी टक्कर देतायत. उद्या क्यूएनएक्स कोणी विकत घेतलं तर मला नवल वाटणार नाही, आणि कंपनी विकली जाते तेव्हा पहिल्या वर्षात कात्री चालतेच. म्हणून मुलाने सही करण्याआधी भावी मॅनेजरला सरळ विचारावं: मी कोणत्या टीममध्ये, ती टीम चालू गिऱ्हाइकाचं काम करते की प्रयोगाचं, आणि या टीममधली माणसं गेल्या दोन वर्षांत कुठे गेली? यात उद्धटपणा काही नाही, तिकडे असे प्रश्न विचारतात. गोलमोल उत्तर आलं तर मला पुन्हा लिहा, मी मत बदलेन.

परवान्याचं नीट बघा. शिक्षणानंतरचा वर्क परमिट खुला असतो, एका मालकाला बांधलेला नसतो, त्यामुळे नोकरी गेली तरी दुसरी धरता येते. पण तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा आणि आयुष्यात एकदाच मिळतो. कायम रहिवासाचा अर्ज ‘जरा स्थिरावलो की करू’ म्हणून लांबवू नये, पात्रता झाली की लगेच हालचाल करावी. तीन वर्षं भुर्रकन जातात.

पैशाबद्दल तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे, तरी सांगतो. कर्जाचा हप्ता वेळेवर जाऊ दे, पण पहिल्या वर्षी त्याहून जास्त पैसे घरी मागवू नका. आधी सहा महिन्यांचं भाडं आणि जेवणखाण त्याच्या खात्यात साठू द्या. नवी गाडी हप्त्यावर घेण्याचा मोह तिकडे सगळ्यांना होतो, त्यालाही होईल. जुनी घ्यायला सांगा.

आणि बँकेला नकार कळवण्याची घाई नको. क्यूएनएक्सचं पत्र लेखी, रुजू होण्याच्या तारखेसह हातात येऊ दे.

पत्राच्या शेवटी तुम्ही धाकट्या मुलीबद्दल विचारलंय, ती इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिलाही याच वाटेने जायचंय. क्यूएनएक्स आता शिकण्यासाठी, बिगर-व्यावसायिक वापराला मोफत मिळतं आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डवर चालतं. बोर्ड काही हजारांत येतो. या सुट्टीत तिने त्यावर एक मोटर फिरवून दाखवावी, दादाने व्हिडिओ कॉलवर चुका काढाव्यात. आवडलं तर शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यातच करू दे. परदेशी पाठवायचं की नाही हे आत्ता ठरवू नका. ब्लॅकबेरीने हैदराबादेतही २०२३ मध्ये याच कामाचं केंद्र सुरू केलंय.

आपला,
करिअर सल्लागार