कागदावर टीप मारली की कागद फाटतो, काय करू?

प्रश्न: आईचं जुनं पायमशीन आता माझ्याकडे आलंय. जुन्या लग्नपत्रिका, पेपरची कात्रणं असं काहीबाही ड्रॉइंग पेपरवर चिकटवून मी कोलाज करते आणि वरून रंगीत दोऱ्याने टीप मारते. पण टीप मारली की त्याच रेघेवर कागद सुटून येतो, आणि सुईला गम लागून दोरा सारखा तुटतो. शेजारच्या काकू म्हणतात कागद शिवला की मशीन खराब होतं. खरंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, तुमचा टाका फार बारीक पडत असणार. कापडात सुई शिरते तेव्हा धागे बाजूला सरकतात आणि नंतर परत जवळ येतात, कागदाला मात्र सरळ भोक पडतं आणि ते कायमचं राहतं. भोकं जवळजवळ पडली की पावतीपुस्तकातल्या फाडायच्या रेघेसारखं होतं, मग कागद सुटणारच. टाका ३ ते ४ मिलिमीटरचा ठेवा. जुन्या मशीनच्या दांड्यावरचे आकडे कधीकधी इंचाला किती टाके असे असतात, म्हणजे आकडा लहान तर टाका मोठा, त्यामुळे आकड्यावर विसंबू नका, रद्दी कागदावर टीप मारून पट्टीने मोजाच.

शेवटाला उलटी टीप अजिबात नको, तिथेच कागद आधी जातो. दोऱ्याची टोकं लांब सोडा, वरचा दोरा मागे ओढून घ्या आणि दोन्हीची गाठ मारा. कोपऱ्यावर सुई खालीच ठेवून फूट (कागद दाबून धरणारा मशीनचा पाय) उचला, कागद फिरवा आणि पहिला टाका हाताने चाक फिरवून घ्या. उसवायची सोय नाही हो इथे, दोरा निघतो पण भोकं दिसतात, म्हणून आधी पेन्सिलने हलकी रेघ आखलेली बरी.

गमचं म्हणाल तर ओल्या गमवर मशीन चालवूच नका. ग्लू स्टिक वापरा, तीही तुकड्याच्या मधोमध थोडीशी, टीप जाणार तिथे नाही, आणि पूर्ण वाळू द्या. तसंही टीप पडल्यावर तुकडा कुठे जातोय! टाचणीऐवजी पेपर क्लिप लावा. सुई पातळ कागदाला ११ नंबर, लग्नपत्रिकेला १४.

पेपरची कात्रणं फार कमकुवत, त्यांच्या मागे मलमलचा तुकडा लावून बघा. आणि जमलं तर खालचा कागद हातकागद घ्या, पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून हे काम चाललंय. सुती चिंध्यांपासून केलेल्या कागदाचे तंतू लांब असतात, तो टाका फार छान धरतो. एकदा त्यावर शिवलंत की साध्या ड्रॉइंग पेपरवर परत यावंसं वाटणार नाही, खरंच.

काकूंचं अर्धं बरोबर आहे. मशीन खराब होत नाही पण सुई बोथट होते, म्हणून कागदाची सुई वेगळीच ठेवा, ती ब्लाउजला लावलीत तर धागे ओढले जातील. कागदाचा भुगा सुईखालच्या प्लेटच्या आत दात्यांमध्ये आणि बॉबिन केसमध्ये (खालच्या दोऱ्याच्या डबीत) साचतो, काम झालं की प्लेट काढून ब्रशने झाडा (फुंकर नको, भुगा आणखी आत जातो) आणि थेंबभर तेल द्या. तेल दिल्यावर आधी एखाद्या चिंधीवर टीप मारून घ्या, नाहीतर पुढच्याच कोलाजवर तेलाचा डाग पडेल आणि कागदावरून तो काही निघत नाही.